लाटांचे पंचांग

समुद्राशी माझा परिचय जुना. पण तो चौपाटीवर पाय ओले करण्यापुरताच! त्यामुळे मे महिन्यात केरळातील वर्कला येथे गेल्यावर, "बाबा, मी सर्फिंग शिकणार!" असे कन्येने जाहीर केले तेव्हा मी गडबडलो. "अहो, आधी समुद्र कसा आहे ते तरी पाहा," सौ. म्हणाली.

मी मोबाइलवर हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचा सागरी अंदाज काढला. लाटांची उंची सव्वा मीटर, वारा मंद. "एवढ्याशा लाटेला काय भ्यायचे!" मी निर्वाळा दिला. खाली 'कालावधी १६ सेकंद' असेही होते. ते मी सोडून दिले.

सकाळी तांबड्या कड्याच्या पायऱ्या उतरून आम्ही पापनाशम किनाऱ्यावर गेलो. आकाश निरभ्र होते. पण शिकवणारा तरुण फळीला हात लावीना.

"साहेब, उंची पाहिलीत, कालावधी पाहिलात का?" त्याने हिंदीत विचारले आणि वाळूतच माझी शाळा घेतली. अंदाजातील उंची म्हणजे सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट दुपटीनेही उंच येते. कालावधी म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या पाच सेकंदांच्या लाटेची लांबी खोल समुद्रात चाळीस मीटर. सोळा सेकंदांचीची चारशे! ती दक्षिणेकडच्या दूरच्या वादळातून निघून, कित्येक दिवस प्रवास करून येते आणि उथळ पाण्यात एकदम उभी राहते. इथले कोळी तिला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. हे नाव युनेस्कोनेही २०१२ साली मान्य केले आहे.

त्याचे बोलणे संपते न संपते तोच एक लाट थेट कड्याच्या पायथ्यापर्यंत आली आणि आमच्या चपला घेऊन गेली. मुलगी जिथे उभी राहणार होती, तिथे नुसता फेस उसळत होता. माझे तोंड कोरडे पडले.

तिसऱ्या दिवशी उंची पाऊण मीटर, कालावधी नऊ सेकंद. जमिनीकडून हलका वारा येत होता. अशा वाऱ्यात लाटा विस्कटत नाहीत. कन्या सात वेळा पडली, आठव्यांदा क्षणभर उभी राहिली.

"केवढी लाट होती हो?" सौ.ने कौतुकाने विचारले.

"उंची काय विचारतेस," मी ऐटीत म्हणालो, "कालावधी विचार!"