तुटक निवेदनाचा वाचक

छळ रोखू पाहणाऱ्या मानवी हक्क संस्थेतील संशोधक हा प्रथमतः एका तुटक निवेदनाचा वाचक असतो. कोठडीतून सुटलेला माणूस सांगताना वार विसरतो, घटनाक्रम उलटा लावतो, भिंतीच्या रंगापाशीच अडखळतो. एलेन स्कॅरी यांनी ‘द बॉडी इन पेन’ (१९८५) या ग्रंथात वेदना भाषेचाच विध्वंस करते असे प्रतिपादन केले आहे. संशोधकाला त्याच विध्वस्त भाषेतून पुरावा उभा करावयाचा असतो, आणि न्यायालयाला हवी असते सुसंगती. निवेदन सलग करून देण्याचा मोह येथेच होतो. तो घातक आहे. कारण दुसऱ्याच्या हातची सफाई उलटतपासणीत टिकत नाही. १९९९ साली संयुक्त राष्ट्रसंघाला सादर झालेला ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ कथनातील विसंगतीला असत्य मानत नाही. व्रण आणि कथन यांचे नाते तो ‘विसंगत’पासून ‘निदानात्मक’पर्यंत पाच पायऱ्यांत नोंदवावयास सांगतो. (‘सिद्ध’ ही पायरी त्यांत नाही, हे लक्षणीय.)

दप्तराची संहिता याउलट अतिसुसंगत असते. ‘चौकशी करण्यात आली’ या मराठी कर्मणी रचनेत कर्ता सहज लोपतो. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली चौकशी करणाऱ्या पोलिसांचा तपशील नोंदवहीत लिहिणे बंधनकारक केले. लोपलेला कर्ता वाक्यात परत आणण्याचाच हा प्रयत्न. छळविरोधी करारावर भारताने १९९७ साली सही केली, अनुसमर्थन अद्याप दिलेले नाही. संशोधक ती नोंदवही मागतो. मिळालीच, तर नावांचा रकाना आधी वाचतो.