दहावा राहिला होता

गावी कुणाच्या घरात मयत झालं की त्या घरची चूल पेटायची नाही, पण घर उपाशीही राहायचं नाही. शेजारच्या बायका पदराखाली भाकरीची टोपली आणि पिठल्याचं पातेलं घेऊन यायच्या. त्याला कडू भाकरी म्हणायचे. आजोबा गेले तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. भाकरी खरंच कडू असते का, म्हणून दाराआड जाऊन तुकडा मोडून खाल्ला. नाचणीचीच होती, नेहमीसारखी.

आमचं गाव मुळशीच्या खोऱ्यातलं. त्या दहा दिवसांत आमच्या ओसरीवर कुणी एकटं बसलेलं मला आठवत नाही. पाव्हण्या बायका उंबऱ्याशी आल्या की गळा काढायच्या, आजी त्यांच्या गळ्यात पडून पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायची: पेज कशी मागितली, पाणी कसं पाजलं. दिवसातून आठ-दहा वेळा तेच. आम्हा मुलांना वाटायचं, हिला किती त्रास देतात या. रात्री भजनी मंडळ यायचं. कुणी आजीला समजावत बसायचं नाही, नुसते टाळ वाजायचे आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करू लागले. तेव्हा काका पुढे झाला. बापासमोर जन्मात मान वर करून न बोललेला माणूस, सगळ्या भावकीसमोर हात जोडून मोठ्याने म्हणाला, "दादा, आईला अंतर देणार नाही. वरच्या वावराचा तंटा मिटवतो." मग त्याला रडू फुटलं आणि पुढचे शब्द कुणाला कळलेच नाहीत. कावळा नंतर आला. मला मात्र कावळ्यापेक्षा काकाचा तो चेहरा लक्षात राहिला.

हे सगळं इतकं गोड आठवतं म्हणून सांगायला हवं की त्याच घरात आत्या होती. टाकलेली. नवऱ्याने सहा वर्षं मारलं आणि मग आणून सोडली. तिच्या दुःखाला दहावा नव्हता, तेरावा नव्हता, कुणी भाकरी झाकून आणली नाही. मेलेल्या माणसाचा शोक कसा करायचा ते गावाला पाठ होतं. जिवंतपणी रोज थोडं थोडं मारलेल्या बाईचं काय करायचं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. दार आपटलं की ती दचकून हातातलं भांडं सोडायची आणि त्यावर घरातली माणसं हसायची. तिच्या अंगात येऊ लागलं तेव्हा देवऋषी आणला, मिरच्यांची धुरी दिली. ती धुरी सगळ्या घराला खोकवत गेली. आजोबांच्या भजनाचे टाळ आठवताना मला ही धुरीही आठवते, एकाला सोडून दुसरं आठवता येत नाही.

आत्याचं ऐकून घेणारं एकच होतं, जातं. पहाटे चारला ती खुंट्याला हात घालायची, दुसरा हात वैरण टाकायचा आणि ओवी सुरू व्हायची. जे ती दिवसा बोलली असती तर जीभ हासडली असती, ते जात्यावर चालायचं. नवऱ्याचं नाव नाही, पण सगळं तेच. विठ्ठलाला भाऊ म्हणायची आणि तुझी बहीण रानात टाकलीस म्हणून त्यालाच जाब विचारायची. आम्ही गोधडीत अर्धवट झोपेत ते ऐकत असू. पुढे गिरणी आली, बायकांचे खांदे सुटले आणि ओवी बंद पडली. आत्या त्यानंतर अधिकच गप्प झाली, असं आई सांगायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्या-मुळशीकडच्या गावांपासून सुरुवात करून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत आमच्या आत्याची एखादी असेल का, हे शोधायचा धीर मला अजून झालेला नाही.

आता माझं सांगते. एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या लाटेत, हे गेले. रुग्णालयाच्या दारात रिक्षातून उतरवले ते शेवटचे. नंतर प्लास्टिकमध्ये बांधलेलं काहीतरी लांबून दाखवलं, एवढंच. मुलगा परदेशात अडकलेला. अस्थी आठ दिवसांनी चिठ्ठी लावलेल्या पिशवीत मिळाल्या. सोसायटीने आमच्या मजल्यावर पट्टी लावलेली, त्यामुळे डबे दाराबाहेर ठेवून, बेल वाजवून लोक पळत. कडू भाकरी तीही, पण भरवायला कुणी नाही. भेटायला येणं फोनवर झालं आणि फोनवर गळ्यात पडता येत नाही. मी हरिपाठ सोडला. तीन वर्षं रात्री दोनला जाग यायची आणि रुग्णवाहिकेचा आवाज आला की हातपाय गार पडायचे.

पहिल्या समुपदेशकाकडे चार वेळा गेले. भला माणूस, पण विठोबाचं नाव काढलं की म्हणायचा, ते आपण सध्या बाजूला ठेवू. नातेवाईक म्हणायचे, त्याची इच्छा. एकाला देव नको होता, दुसऱ्यांना माझा राग नको होता. दोघांनाही मी अर्धीच हवी होते.

दुसरी समुपदेशक म्हणजे एक मुलगी, असेल पस्तिशीची. तिने सगळं ऐकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, काकांचा दहावा कुणी केला?" मी म्हटलं, कुणीच नाही. ती वहीत काही लिहीत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आणि विठ्ठलावरचा राग कुणापाशी बोललात?" मला हसू आलं. वारकऱ्यांच्या घरात देवाशी भांडायला कधीपासून बंदी झाली? दुष्काळात बायको-मुलगा गमावलेले तुकोबा देवाला काय काय बोलले, जनाबाई काय बोलली, हे ऐकतच तर मी वाढले. मीच विसरले होते. त्या दिवशी तिच्या खोलीत मी विठोबाला ज्या शिव्या दिल्या, त्या आत्याला आवडल्या असत्या.

तिच्याकडून चार गोष्टी कळल्या. आत्याला जे होतं त्याला आता नाव आहे. जुडिथ हर्मन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1992 मध्ये लिहिलं की एका प्रसंगाचा धक्का वेगळा आणि सुटका नसलेल्या जागी वर्षानुवर्षं सोसलेला मार वेगळा, त्याचा इलाजही वेगळा. आधी माणसाला सुरक्षित वाटलं पाहिजे, मग आठवणी. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत हा गुंतागुंतीचा आघात आहे आणि लांबलेला शोकही आहे. सहा महिन्यांहून जास्त आणि त्या माणसाच्या समाजात, धर्मात चालतो त्याहून जास्त, अशी लांबलेल्या शोकाची व्याख्या. म्हणजे मोजपट्टी तिकडची असली तरी आपलं वर्षश्राद्ध तिने धरलेलं आहे. आणि डेनिस क्लास व त्यांच्या सहकाऱ्यांचं 1996 चं पुस्तक म्हणतं, गेलेल्या माणसाशी नातं तोडायची गरज नाही, ते चालू राहू शकतं. क्लास यांनी जपानी लोकांच्या पितरपूजेचाही अभ्यास केला होता. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग भाद्रपदात आम्ही काय करतो?

तरी मी त्या मुलीला जुन्या काळाची दासी म्हणणार नाही. देवऋष्याचा विषय निघाला तेव्हा ती ताठ झाली. तमिळनाडूतल्या एरवाडीत 6 ऑगस्ट 2001 ला दर्ग्याच्या आसऱ्याने साखळदंडात ठेवलेले 28 मनोरुग्ण आगीत जळून मेले, हे तिनेच सांगितलं. श्रद्धेचा मान ठेवायचा म्हणजे साखळीचाही ठेवायचा असं नाही. धुरीला मारहाणच म्हणायचं.

तिने एकदा समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि म्हणाली, काका इथे बसलेत, बोला. मला जमेना. खुर्चीवर फोमची निळी गादी होती, मी तिच्याकडेच बघत राहिले. मी तिला नदीवरच्या काकाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग तिकडेच जा ना."

गेल्या पितृपक्षात मुलगा आला. नदीवर भातपिंड ठेवला. मी मोठ्याने म्हटलं, त्या दिवशी रिक्षातून उतरताना तुमचा हात मी सोडला, मला आत येऊ देईनात. मुलगाही काहीतरी बोलला, ते त्याचं आणि त्यांचं. कावळा आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. झोप त्या रात्री नाही, पण पुढे महिनाभरात सुधारली. औषधाची एक गोळी अजून चालू आहे.

त्या मुलीची फी सगळ्यांना परवडणारी नाही, गावात तर अशी मुलगी सापडणारही नाही. सरकारचा टेलिमानसचा 14416 हा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, एवढं लिहून ठेवा.

आत्याची तिथी घरात कुणी टिपून ठेवली नव्हती. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री असते. त्या अमावास्येला गच्चीवर तिच्या नावाचा घास ठेवला, नाचणीच्या भाकरीचा.