तान्हुल्याला घेऊन पेण–रोहा

घरात तान्हे मूल आले की त्या घराचे दार पुढचे कित्येक महिने जणू आतून लागते, असे आम्ही घरभेटींच्या निमित्ताने वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. वडील कामावर जातात, आजी बाजारहाट करते, थोरले भावंड शाळेत जाते. बाळ आणि बाळाची आई मात्र चार भिंतींच्या आत. सव्वा महिना पाळण्याची आपली रीत बाळंतिणीला विसावा मिळावा म्हणून पडली, आणि ती शहाणपणाचीच आहे. परंतु सव्वा महिन्याचे सहा महिने होतात, सहाचे बारा होतात. धर्मग्रामाची सहल ठरली की यादीतून पहिले नाव गळते ते तान्ह्याच्या आईचे. ‘बाळ लहान आहे हो फादर, पुढच्या वर्षी येईन,’ असे ती स्वतःच म्हणते आणि आजूबाजूची मंडळी मान डोलावतात. तिला एकदाही कोणी आग्रह करत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

आमचा एक भाचा पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर नोकरीला आहे. त्याचे जहाज कॅरिबियन समुद्रात फिरते. मेक्सिकोचे कोझुमेल, सेंट मार्टिन बेटावरचे फिलिप्सबर्ग अशा बंदरांत ते सकाळी धक्क्याला लागते आणि संध्याकाळी निघते. तो सांगतो, ‘फादरमामा, ज्यांच्या कडेवर मूल असते ते सगळे उतरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतात, इथे बाळाला घेऊन काय करता येईल?’ अशा बहुतेक जहाजांवर सहा महिन्यांखालील मुलाला घेतच नाहीत, दूरच्या सफरीला तर वर्ष पूर्ण व्हावे लागते. आणि लंगोटातील मुलाला जहाजावरच्या पोहण्याच्या हौदात सहसा उतरू देत नाहीत. म्हणजे एवढा पैसा ओतूनही त्या आईबापांची अडचण आपल्यासारखीच! भाच्याचे उत्तर ठरलेले आहे. सावली शोधा, उथळ पाणी शोधा, आणि परतीची वाट जवळची ठेवा. बाकीची प्रेक्षणीय स्थळे मूल मोठे झाल्यावर.

हे उत्तर ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर कोझुमेल नव्हते, पेण आणि रोहा होते. मुंबई-वसईच्या कुटुंबांना एका दिवसात जाऊन येण्यासारखी ही दोन गावे. पेणजवळचे धरमतर हेही एके काळी बंदरच होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईची आगबोट तेथवर येई, आणि उतारू पुढे पेणकडे, महाडकडे गाडीवाटेने जात. त्या उतारूंत लेकुरवाळ्या बायका होत्याच. तेव्हा कोणी त्यांना ‘पुढच्या वर्षी ये’ असे म्हटल्याचे दिसत नाही. माहेरी जायचे तर मूल कडेवर घेऊनच जावे लागे.

आता जावे कसे? आमचे मत रेल्वेच्या बाजूने आहे. मुंबई–गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दहा-बारा वर्षे उलटली तरी रखडलेलेच राहिले. या रस्त्याचे धक्के अजून मान न सावरलेल्या मुलाच्या वाट्याला का द्यावेत? जलमार्गाची हौस असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोट २०२० पासून आहे. तिच्यात मोटारीसह जाता येते. साध्या लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि त्या बंद असाव्यात हेच बरे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ही आठवण या किनाऱ्यावर अजून पुसलेली नाही. कोणत्याही बोटीत पाय ठेवण्यापूर्वी तान्ह्याच्या मापाचे लाईफ जॅकेट आहे का, एवढे विचारावे. मोठ्यांचे जॅकेट मुलाभोवती गुंडाळून भागत नाही. नसेल, तर निमूटपणे स्टेशन गाठावे.

दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी पनवेल सोडते, आपटा, जिते ही लहानलहान स्थानके घेते आणि पेणच्या अलीकडे हमरापूरला थांबते. हमरापूर, जोहे आणि खुद्द पेण ही गणेशमूर्तींची गावे. येथे वर्षभर मूर्ती घडतात आणि परदेशी जायच्या मूर्तींची पाठवणी तर सणाच्या कितीतरी महिने आधी सुरू होते. कॅथलिक कुटुंबाने तेथे काय पाहायचे, असे कोणाच्या मनात आल्यास आम्ही म्हणू, हात पाहावेत. ओल्या शाडूवर फिरणारा अंगठा, साच्यातून निघालेल्या मूर्तीचा कान सारखा करणारी बांबूची कोरणी, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणे. हे काम कारखान्यात कोणालाही देत नाहीत; ज्याचा हात बसलेला आहे तोच श्वास रोखून ती बारीक रेघ ओढतो.

बाळाला यातले काय कळणार? आमच्या समजुतीप्रमाणे, सर्वांत अधिक त्यालाच. नवजात बालकाला सुमारे वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचेच बरे दिसते. म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जितका दूर, तितकेच. आणि त्याला पाहायला आवडते तेही चेहराच, त्यातही डोळे. तीन-चार महिन्यांचे झाले की ते चेहऱ्यामागे नजर फिरवू लागते. अशा मुलाला फळीवर ओळीने मांडलेल्या शंभर मूर्तींसमोर धरून पाहा. आखणी न झालेल्या मूर्तींवरून त्याची नजर घसरते, आणि डोळे रेखलेल्या पहिल्या मूर्तीपाशी थबकते. हे आम्ही स्वतः एका कारखान्यात पाहिले. चार महिन्यांची मुलगी होती. ती इतका वेळ टक लावून राहिली की आखणी करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने कुंचला खाली ठेवला आणि म्हणाला, ‘हिने पास केले बघा!’ तिची आई हसली. पाच महिन्यांत ती प्रथमच घराबाहेर कोणाशी तरी बोलत होती, हे तिच्या सासूबाईंनी आम्हाला मागाहून सांगितले.

मात्र सावधगिरी हवी. प्लास्टरची भुकटी उडत असेल किंवा यंत्राने रंगाचा फवारा चालू असेल त्या खोलीत मुलाला नेऊच नये. शाडूचे काम चालते तो भाग वेगळा असतो; तेथवरच जावे, आणि आधी विचारून जावे. सणापूर्वीच्या दोन महिन्यांत तर कारागिरांना मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा पाहुण्यांनी त्यांच्या पायात येऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस हवेच्या दृष्टीनेही उत्तम. एप्रिल-मेच्या उकाड्यात तान्हे मूल घेऊन निघणे आम्हाला मान्य नाही.

दुपार ही खरी कसोटी. बारा वाजले की मोठ्यांना भूक लागते, बाळाला झोप येते आणि आईला आडोसा हवा असतो. सहलीचे नियोजन करणारे पुरुष जेवणाची जागा आठवड्यापूर्वी ठरवतात. आडोशाची कोणालाच आठवण राहत नाही. वास्तविक हा जिल्हा हिरकणीचा आहे. रायगडावर दूध घेऊन गेलेली ती गवळण कोजागिरीच्या रात्री दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्यासाठी कडा उतरली आणि महाराजांनी तेथे बुरूज बांधला, ही कथा आपण शाळेत शिकलो. तिचेच नाव देऊन एस.टी.च्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ करण्यात आले. नाव फार समर्पक आहे. तरी तो उघडा आहे ना, बसायला बाक आहे ना, याची चौकशी पतीने पुढे जाऊन करावी; बाळाला घेऊन आईने चावी कोणाकडे म्हणून हिंडू नये. त्याहून चांगले म्हणजे ओळखीचे एखादे घर. पेणच्या जुन्या घरांच्या ओटीवर अनोळखी बाईलाही ‘ये गं, आत बस’ म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत.

खाण्यापिण्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे साधे आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. तेव्हा बाटल्या, थर्मास यांचे ओझे अशा मुलाला लागतच नाही. पाणी लागते ते आईला, आणि तेही भरपूर. ते घरून न्यावे. पेण तालुक्यात हेटवण्याचे धरण आहे, त्याचे पाणी नवी मुंबईला जाते, आणि याच तालुक्यातील खारेपाटातल्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतात. (या विषयावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवे.) सहा महिन्यांपुढच्या मुलाला मऊ भाताची पेज किंवा नाचणीचे सत्त्व कोणत्याही घरी मिळेल. मोठ्यांनी पेणचे पोह्याचे पापड जरूर घ्यावेत.

दुपारची झोप झाली की कासू, नागोठणे, निडी करत गाडी रोह्याला पोहोचते. रोह्याचे वैभव म्हणजे कुंडलिका. कोकणातल्या बहुतेक नद्या डिसेंबरनंतर क्षीण होतात. ही मात्र उन्हाळ्यातही वाहते, कारण तिच्यात घाटावरचे पाणी येते. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहात उतरते आणि वीज निर्माण करून कुंडलिकेला मिळते. हेच ते धरण, ज्याच्या विरोधात १९२१ पासून सेनापती बापट आणि मुळशीचे शेतकरी सत्याग्रहाला बसले होते. याच पाण्यावर कोलाडला रबरी होड्यांचा खेळ चालतो. तो तरुणांचा; तान्ह्याचे तेथे काही काम नाही. आणि एक गोष्ट प्रत्येक बापाने ध्यानात ठेवावी: वीजगृहातून पाणी सुटले की नदी बघता बघता चढते. सकाळी कोरडा असलेला खडक तासाभराने पाण्याखाली जातो. म्हणून मुलाचे अंथरूण पात्रात कधीही घालू नये. काठावर, उंच जागी, झाडाखाली घालावे.

तेथे करायचे काय? काही नाही. पाठीवर निजवलेल्या मुलाला हलणारी पाने दाखवावीत. ते हातपाय झाडते, हुंकार देते आणि मध्येच गप्प होऊन पाण्याचा आवाज ऐकते. त्या वेळी बाळ वडिलांनी घ्यावे. आईने चपला काढून काठाने एकटीने थोडे चालून यावे, मागे वळून न पाहता. आम्ही सुचवतो तेव्हा आया प्रथम संकोचतात. एकीने विचारले, ‘रडला तर?’ तिचा नवरा म्हणाला, ‘रडला तर मी आहे ना.’ ती वीस मिनिटांनी परतली. मूल रडून बापाच्या खांद्यावर झोपले होते. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उजळलेला होता.

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, तेव्हा वास येत असेल तर वरच्या अंगाला सरकावे. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, तिला पोलीस बंदुकांसह मानवंदना देतात. सोहळा पाहण्याजोगा, पण ढोलताशांच्या गजरात तान्ह्याचे कान सोसत नाहीत.

मुक्कामाची सोय असेल त्यांनी दुसऱ्या दिवशी कुंडलिकेच्या काठाने तिच्या मुखाकडे, कोर्लईला जावे. तेथील आपल्या कॅथलिक बांधवांची घरची बोली पोर्तुगीजपासून झालेली आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये निघून गेले, बोली राहिली. ‘नौ लिंग’, आमची भाषा, असे ते तिला म्हणतात. किल्ला चढण्याचा हट्ट नको. गावात एखाद्या पडवीत बसावे. तेथल्या आजीबाई बाळाशी त्यांच्या बोलीत बोलतात. आपल्याला अवाक्षर कळत नाही, बाळ मात्र हसते.

परतीची गाडी अंधार पडण्यापूर्वीची घ्यावी. गाड्या मोजक्याच असल्याने वेळ आधी पाहून ठेवावी. सकाळी जाताना गाडीचे तोंड दक्षिणेकडे असते आणि ऊन डाव्या खिडक्यांतून येते. संध्याकाळी तोंड उत्तरेकडे, तेव्हाही ऊन डावीकडूनच. म्हणून जाता-येता उजव्या हाताची जागा धरावी, आणि खिडकीशी आईला बसू द्यावे.