निकाल लागला, बांध कुठे?

वाटपाचा दावा मी 2016 साली लावला. माहेर सोमेश्वरनगरजवळ, जमीन नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखालची. दोन भाऊ, मी एकटी बहीण. आई आधीच वारली होती. वडील 2003 मध्ये गेले. वारस म्हणून सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं, पण उसाचं बिल कायम दादाच्या खात्यावर.

समोरच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं. हिचं लग्न 1989 चं, म्हणून महाराष्ट्राच्या 1994 च्या कायद्यात ही बसत नाही. आणि हिंदू वारसा कायद्यात 2005 ची दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात नव्हते. सुप्रीम कोर्टाचा 2015 चा निकालही त्यांच्या बाजूचा. ते खरं ठरलं असतं तर तिसऱ्याऐवजी नववा हिस्सा मिळाला असता.

मधेच, 2018 ला धाकटा भाऊ गेला. दहावं झालं आणि वकिलांनी सांगितलं, "ताई, 90 दिवसांत त्यांचे वारस रेकॉर्डवर घ्या. नाहीतर त्यांच्यापुरता दावा संपतो." वहिनीचं आणि भाच्यांचं नाव प्रतिवादी म्हणून लिहून देताना जीव नको झाला. पण ते मुदतीत केलं म्हणून पुढचं सगळं वाचलं.

11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मुलीचा हक्क जन्मानेच. 2005 ला वडील हयात असायची गरज नाही. वकिलांचा फोन आला तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली.

2022 ला तिसरा हिस्सा मंजूर झाला. आता रान मिळेल असं वाटलं. पण कोर्ट फक्त हिस्सा ठरवतं. शेतसारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथून कागद तहसीलला, मग मोजणीला. हे आम्हाला निकालानंतर कळलं.

मोजणीदार आले तेव्हा रानात आडसाली ऊस डोक्यावर गेलेला. आत शिरायला वाट नाही, बांधाच्या खुणा दिसेनात. मोजणी पुढे गेली. आडसाली म्हणजे सोळा-अठरा महिन्यांचं पीक, थांबण्यावाचून इलाज नव्हता. तोड झाली ते कोणी कळवलं नाही, आणि पुढची तारीख पडली तोवर खोडवा उंच झाला होता. यात दादाचा हात होता का, मला सांगता येणार नाही.

शेवटी वहिनीनेच फोन केला. "वन्सं, टोळी याच आठवड्यात उतरतेय." जिला मी प्रतिवादी केलं, तीच ही. लगेच अर्ज देऊन तोडीनंतरची तारीख मागून घेतली. मोकळ्या रानात मोजणी एका दिवसात उरकली. दगड रोवले, पंचनाम्यावर दादानेही सही केली.

उसाच्या रानाचं वाटप असेल तर मोजणीच्या अर्जातच लागणीचा महिना आणि तोडीचा अंदाज लिहा. आणि वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा, निकालानंतर कागद कुठे कुठे जाणार.