किराळ

आमचा पवळ्या अर्ध्या तासात गेला.

2015 चा पावसाळा, म्हणजे नावालाच पावसाळा. दोंडाईच्याजवळच्या आमच्या शेतात ज्वारी कमरेएवढी झाली आणि तिथेच थांबली. पानं सुरळीसारखी वळलेली. त्या दिवशी पवळ्यानं दावं तोडलं आणि बांधाकडच्या पट्ट्यात शिरला. आम्ही पोहोचलो तेव्हा तो धापा टाकत होता. तोंडाला फेस, पाय लटपटत होते, डोळ्यांच्या आतल्या कडा लालभडक. मग तो आडवा झाला आणि उठलाच नाही.

बांधापलीकडे तात्यांचं शेत. तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ. एकेकाळी दोघांची सावड होती. एक बैल आमचा, एक त्यांचा, आणि पेरणी दोन्हीकडची. पुढे बांध कुणी किती कोरला यावरून बोलणं बंद झालं. त्या दिवशी सकाळी तात्या पाठीवर फवारणीचा पंप घेऊन बांधावर दिसले होते. आबांना तेवढं पुरलं. तात्यांनीच औषध टाकलं, हे त्यांनी ठरवून टाकलं.

कुणीतरी म्हणालं, किराळ लागली असेल. आबांनी ते झटकलं. किराळ लागते ती कोवळ्या पोंग्यांनी, वीतभर ज्वारीनं. हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. कमरेएवढ्या ज्वारीनं ती कशी लागेल? जनावरांचे डॉक्टर संध्याकाळी आले, तोवर बैल पुरला होता. तपासायला काही उरलं नव्हतं. मी तेव्हा नववीत होतो. पुढची कित्येक वर्षं दोन घरांत लग्नाची पत्रिकासुद्धा गेली नाही.

बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलं तेव्हा हे सगळं डोक्यात नव्हतं. प्रॅक्टिकलला नॅप्थलिनचं पिक्रेट करायचं होतं. केशरट पिवळ्या सुया पडतात, त्या 150 अंशांच्या आसपास वितळल्या की पदार्थ ओळखला असं समजायचं. पिक्रिक ॲसिडची बाटली मॅडम स्वतः काढत. आत पिवळी पूड, तीही पाण्याखाली. ती सुकू द्यायची नाही, बाटलीला धातूचं झाकण लावायचं नाही. त्याचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. हे ॲसिड धातूंशी क्षार बनवतं आणि शिसं, लोखंड यांचे कोरडे क्षार ॲसिडपेक्षाही नाजूक असतात. घर्षण, ठोका, एवढं त्यांना पुरतं. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात 6 डिसेंबर 1917 ला ‘माँ ब्लाँ’ जहाज फुटलं आणि सुमारे 1,800 माणसं गेली. त्या जहाजावर सर्वांत जास्त माल पिक्रिक ॲसिडचाच होता.

गंमत म्हणजे हेच द्रव्य आधी रेशीम पिवळं रंगवायला वापरत. नाव ‘कडू’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. आणि आजही ते आपल्या गावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. मोबाईलवर किडनीचा रिपोर्ट येतो ना, त्यातलं क्रिएटिनिन मोजण्याची जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे 1886 मधली याफे यांची अभिक्रिया. अल्कलीतलं पिक्रेट क्रिएटिनिनला भेटलं की नारिंगी होतं. तिथं ते अगदी विरळ आणि पाण्यात असतं, म्हणून निरुपद्रवी.

याच अभिक्रियेबद्दल वाचताना खाली एक ओळ दिसली: सोडियम पिक्रेटनं भिजवलेला पिवळा कागद सायनाइडच्या वाफेत विटकरी होतो. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ गिन्यार यांनी 1906 मध्ये ही परीक्षा दिली. आणि उदाहरण होतं ज्वारीचं.

मी ती ओळ दोनदा वाचली. ज्वारीच्या पानांत धुरिन नावाचा पदार्थ असतो. डन्स्टन आणि हेन्री यांनी तो 1902 मध्ये वेगळा केला. ज्वारीच्या अरबी नावावरून, ‘दुर्रा’वरून, त्याला हे नाव पडलं. पान शाबूत असतं तोवर धुरिन एका खणात आणि त्याला फोडणारं विकर दुसऱ्या खणात. जनावरानं पान चावलं की दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. दर किलो वजनामागे साधारण दोन मिलिग्रॅम पोटात गेलं की गुरू वाचणं अवघड. चारशे किलोच्या बैलाला एक ग्रॅमही लागत नाही. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून रक्त लालभडक राहतं. मला पवळ्याचे डोळे आठवले.

पुढचं वाक्य आबांसाठी होतं. धुरिन कोवळ्या ज्वारीत जास्त असतं, पण पाण्याच्या ताणानं खुंटलेल्या ज्वारीतही ते साठतं. उंचीवर जाऊ नये.

त्या वर्षीही पावसात खंड पडला होता. मी त्याच पट्ट्यातली ज्वारी पिशवीत घालून एस.टी.नं कॉलेजात नेली. मॅडमनी ओलसर पिक्रेट कागदाच्या पट्ट्या स्वतः करून दिल्या. तीन नळ्या लावल्या. एकीत वीतभर पोंगे, दुसरीत आमची खुंटलेली ज्वारी, तिसरीत गेल्या वर्षीचा कडबा, सगळं बारीक चिरून. वर पट्टी टांगली आणि बूच लावलं. दुपारी पोंग्यांची पट्टी भट्टीतल्या विटेसारखी झाली होती. दुसरी तिच्यापेक्षा थोडी फिकी, पण विटकरीच. कडब्याची पिवळीच राहिली, कारण वाळताना विष उडून जातं.

यानं पवळ्याचं काय झालं ते सिद्ध होत नाही, असं मॅडम म्हणाल्या. खरं आहे. एवढंच कळलं की कमरेएवढी ज्वारी निर्दोष धरता येत नाही. पण आबांचा सगळा आरोप त्या उंचीवरच तर उभा होता.

मॅडमनी सांगितलं म्हणून पट्ट्या पारदर्शक पिशवीत ओल्याच बंद करून घरी नेल्या. आबांनी खिडकीशी धरून पाहिल्या. कोणती कशाची, हे तीनदा विचारलं. मग म्हणाले, "हाऊ कागद खोटं बोलत नही ना?"

मी म्हणालो, "नाही बोलत आबा. पण सगळंही सांगत नाही."

मग खंडातली ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत हिरवी चारायची नाही, कापून वाळवून घालायची आणि लागलीच तर डॉक्टरांकडे सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेटचं इंजेक्शन असतं, पण धावायला मिनिटंच मिळतात, हेही सांगितलं. ते ऐकत होते की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या मी कॉलेजात परत केल्या. पोळ्याला आबा पुरणपोळीचं ताट घेऊन स्वतः तात्यांच्या ओट्यावर गेले. मी मागे उभा होतो. आबांनी ज्वारीचं सांगायला सुरुवात केली, पण त्यांना नीट जमेना. तात्यांनी ताट हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"तो बैल मना बी व्हता," एवढंच ते म्हणाले.