जॅक उतरतो कसा

जॅक विकत घेणारा माणूस दुकानात पहिला प्रश्न टनांचा विचारतो. दोन टनाचा की तीन टनाचा? खोक्यावरही तोच आकडा सगळ्यात मोठा छापलेला असतो. कन्हानला महामार्गाच्या कडेला गॅरेज चालवताना कोळशाच्या ट्रकांचे बाटली जॅक माझ्या हाताखालून गेले, कारचे कात्री जॅक गेले, आणि दुरुस्तीला आलेला एखादा ट्रॉली जॅक तर कोपऱ्यात कायम असतोच. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. जॅक गाडी कशी उचलतो यापेक्षा कशी उतरवतो हे पाहून तो घ्यावा. उचलतो तर स्वस्तातला स्वस्त जॅकही.

नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं शर्यतीची गाडी बांधताना वेल्डिंगसाठी माझ्याकडे येत. कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’साठी त्यांची धडपड चालली होती. एकाने विचारलं, "काका, जॅक स्वस्तातला पायजे. तीन टनाचा घेऊन टाकू का?" त्यांची अख्खी गाडी चालकासकट तीनशे किलोंच्या आसपास. शर्यतीसाठी सजवलेली जुनी एस्टीम धरली तरी ती टनाच्या आतच भरते, आणि जॅक एका वेळी तिचं एकच टोक उचलतो. दोन टन पुरून उरतात.

खरी अडचण उंचीची. साध्या ट्रॉली जॅकची बशी पूर्ण खाली असतानाही जमिनीपासून १३-१४ सेंटिमीटरवर असते. या मुलांच्या गाडीला मागे नारिंगी रंगाचा एक आडवा पाइप लागतो. तो २५ ते २९ मिलिमीटर जाडीचा असावा आणि त्याच्या खाली जमिनीपर्यंत किमान ७५ मिलिमीटर जागा असावी, असा स्पर्धेचा नियम आहे. जॅक त्या पाइपाखाली लावायचा. म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या फटीत तेरा सेंटिमीटरचा जॅक सारायचा! त्यासाठी ठेंगणा जॅकच हवा, आणि त्याची उंची खोक्यावर वाचून विश्वास ठेवू नये, टेप लावून मोजावी. पैसे अगदीच नसतील तर गाडीची चाकं आधी जाड फळ्यांवर चढवून घ्यावीत. ही युक्ती जुनी आहे, चालते.

आता उतरण्याकडे येतो. हायड्रॉलिक, म्हणजे तेलावर चालणाऱ्या जॅकमध्ये दोन दट्टे असतात. लहानाचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ४ असेल तर क्षेत्रफळ १६ पट, म्हणून जोरही १६ पट. दांड्याची लांबी त्यात आणखी भर घालते. न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांनी १८५१ मध्ये अशा जॅकचं पेटंट घेतलं. त्याआधी बरंचसं काम स्क्रूच्या जॅकवर चाले. स्क्रू मंद, पण आट्यांच्या घर्षणामुळे तो आपणहून खाली येत नाही. तेलाला असं कुठलं बंधन नाही. ते एका पोलादी छऱ्याने अडवलेलं असतं. दांडा फिरवला की छऱ्यामागची फट उघडते आणि गाडीचं सगळं वजन तेलाला त्या फटीतून परत टाकीत ढकलतं. फट केवढी उघडायची हे ज्या जॅकमध्ये हाताला ठरवता येतं, तो चांगला. वाईट जॅकमध्ये दांडा पाव फेरा फिरेपर्यंत काहीच होत नाही आणि मग गाडी धाडकन खाली येते. रेसच्या गाडीचा फायबरचा तळ तिथेच तडकतो. कोणाचं बोट आत असेल तर विचारायलाच नको.

वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या सिल्लेवाडा, इंदर अशा भूमिगत खाणींत उमर घालवलेली माणसं कन्हानमध्ये गल्लोगल्ली भेटतात. कोळसा काढून झाल्यावर छताला दिलेले प्रॉप काढत मागे सरकायचं, ते काम सगळ्यात धोक्याचं, असं ती सांगतात. प्रॉप लावताना इतकी भीती नसते. मला हे ऐकून नेहमी जॅकच आठवतो.

दुकानात मोकळा जॅक खाली येतो तो स्प्रिंगच्या जोरावर. त्यावरून काही कळत नाही. दुकानदाराला विनंती करून एखादी कार उचलावी, दांडा केसभर फिरवावा आणि गाडी मध्येच थांबवता येते का बघावं. नंतर ती वर ठेवून चहा प्यावा. परत येऊन बशीची उंची मोजावी. आडव्या हाताने हलवून खिळ्यांतला ढिलेपणा तपासावा. आणि चाकं फिरतात ना, हे नक्की बघावं. ट्रॉली जॅकचा हात कमानीत वर जातो, म्हणून उचलताना जॅकला गाडीखाली सरकावंच लागतं. मुरमाच्या जमिनीवर तो रुततो आणि बशी सटकते. खाली प्लायवुड टाकावं, न उचललेल्या चाकांना उटी लावावी.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला की तेल पातळ होतं आणि तोच जॅक भरभर उतरतो. डिसेंबरात रेंगाळतो. तेल कमी पडलं म्हणून ब्रेक ऑइल ओतणारे मी खूप पाहतो. त्याने नायट्राइल रबराची सील फुगतात आणि जॅक कामातून जातो. हायड्रॉलिक तेलच घालावं, तेही दट्ट्या पूर्ण आत असताना.

मुलांनी शेवटी दोन टनाचा, लोखंडी, ठेंगणा जॅक घेतला. ॲल्युमिनियमचा हलका असतो, पण पिटमध्ये तो उचलून पळायचं असेल तरच त्या पैशांना अर्थ आहे. यांची गाडी ट्रकने जाणार होती. वाचलेल्या पैशांतून मी त्यांना उचललेली गाडी टेकवायला दोन जोड्या स्टँड घ्यायला लावले. हायड्रॉलिक जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, ही माझ्या गॅरेजमध्ये एकच गोष्ट मी ओरडून सांगतो.

नारिंगी पाइपासाठी तेलाविना चालणारा, नुसत्या दांड्याचा क्विक जॅक मी इथेच पाइप कापून वेल्ड करून दिला. त्यात छर्रा नाही, सील नाही. गाडी उतरवणं पूर्णपणे माणसाच्या हातात. दांडा आणखी वीतभर लांब असता तर एकट्याला पेलला असता, असं मुलं म्हणतात. पाइप आणून ठेवला आहे. जानेवारीतल्या स्पर्धेच्या आत नवा दांडा लावून देतो.