उताऱ्याच्या वेळी सोबत

चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या, पाठीला सॅक लावलेली पोरं आणि हाताला काम मिळेल म्हणून ताटकळणारे मजूर यांची गर्दी असते. त्या गर्दीच्या कडेला काही माणसं बसून असतात. रात्र त्यांनी दुकानाच्या फळीवर नाहीतर पुलाखाली काढलेली असते. हात कापत असतात. काम नंतर, आधी उतारा, म्हणजे कापरं थांबवणारा दारूचा घोट.

ज्या दादांसोबत मी चाकण, भोसरी, पिंपरीच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात फिरतो, ते एकेकाळी याच कडेला होते. मराठवाड्यातून आले, ठेकेदाराकडे प्रेस शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले. दारूपायी खाडे वाढले, ठेकेदारानं काम बंद केलं आणि त्याच दिवशी खोलीही गेली, कारण खोली त्याचीच होती. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. उरला नाशिक फाट्याचा पूल. इथं नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर एकाच माणसाच्या हातात असतं, त्यामुळे माणूस घसरला की अधेमधे कुठं थांबत नाही, थेट रस्त्यावर येतो. दादा पुढे ए.ए.मध्ये, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेत आले. आज ते नोकरी करतात आणि सुटीच्या दिवशी रस्त्यावरच्यांना भेटतात.

एकदा पिंपरी स्टेशनबाहेर एक काका बसले होते. दादा शेजारी टेकले आणि त्यांनी दोन चहा सांगितले; त्यातला एक अर्धाच ग्लास भरून. भरलेला ग्लास कापत्या हातातून सांडतो आणि चारचौघांत तो सांडला की माणूस उठून निघून जातो, हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं. मला ते कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

‘काका, शेवटची कधी घेतली?’

‘काल दुपारी. पैसेच नाहीत.’

दादांचा चेहरा बदलला. ‘याआधी कधी फिट आली होती?’ काकांनी होकारार्थी मान हलवली. दादांनी लगेच रिक्षा थांबवली.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास सुरू होतात, माणूस बरळतो, उपचार न मिळाल्यास दगावूही शकतो. ‘मनावर घे आणि आजपासून सोड’ हा सल्ला म्हणूनच रस्त्यावर धोक्याचा ठरतो. दारू सोडवायचीच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन. सरकारी दवाखान्यात काकांच्या केसपेपरवर नातेवाइकाचं नाव विचारलं, तेव्हा दादांनी स्वतःचं सांगितलं.

सोबतीची ही रीत जुनी आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन हा दारू सोडलेला शेअर व्यावसायिक धंद्याच्या कामात अपयशी ठरून हॉटेलात अडकला होता. पुन्हा प्यायची ओढ लागली, तेव्हा त्यानं दुसरा दारुडा शोधला. भेटले डॉ. बॉब स्मिथ. बिल त्यांना सुधारायला गेला नव्हता, स्वतःला वाचवायला गेला होता. यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली. तिथं फी नाही; दारू सोडायची इच्छा एवढीच अट. आपल्याकडे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथंही बरे झालेले पेशंट पुढे समुपदेशक म्हणून उभे राहिले.

तरी मदत पोचते किती जणांपर्यंत? २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळत होता. यात घरी बायको, आई, भाऊ असलेलेही आले. ज्याला घरच नाही, त्याला दवाखान्यात कोण नेणार?

मात्र सोबत म्हणजे छप्पर नव्हे. ए.ए.ची मीटिंग दीड तासाची, रात्र केवढी मोठी. फुटपाथवर थंडी, डास, चोरीची भीती. घोट घेतल्याशिवाय डोळा लागत नाही. पिंपरीत महापालिकेचा ‘सावली’ निवारा आहे. पण प्यायलेल्या माणसाला झोपलेल्यांच्यात आणून ठेवणं कुठल्याही निवाऱ्याला जड जातं. म्हणजे दारू सुटेपर्यंत गादी नाही आणि गादी मिळेपर्यंत दारू सुटत नाही. हा गुंता दादांसारख्या एकट्या माणसानं सोडवायचा नाही. ज्यांच्या कारखान्यांत ही माणसं राबली त्यांनी आणि महापालिकेनं तो सोडवायला हवा.

काका दवाखान्यातून बाहेर आले तेव्हा हात स्थिर होता, पण कुठं जायचं हा प्रश्न होताच. दादांच्या ग्रुपमधल्या एकानं भोसरीतल्या आपल्या खोलीत त्यांना जागा दिली. आधार कार्ड हरवलेलं, फोन चोरीला गेलेला. दोन्ही नसल्यानं एकही ठेकेदार त्यांना उभं करत नव्हता. आता रोज संध्याकाळी ते मीटिंगला येतात. मधे एकदा प्यायले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि कुणीही त्यांना बाहेर काढलं नाही. सध्या दादा त्यांच्या आधारच्या कागदांमागे आहेत. आणि मी भोसरी ते चाकण या पट्ट्यात चार खाटा मावतील अशी भाड्याची जागा शोधतोय. दवाखान्यातून सुटलेल्या माणसाला पहिले दोन-तीन महिने तरी पुलाखाली परतावं लागू नये.